पंपावर पायी जाणारे शेजारी

पेट्रोल भरण्यासाठी पायी जाणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. जुनी जीप रस्त्याच्या कडेला उभी, तिच्या मागे जोडलेली पांढरी कॅरव्हॅन, कॅरव्हॅनच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर क्रोशाचे विणकाम करीत बसलेली त्यांची पत्नी, आणि स्वतः हे गृहस्थ हातात खुणा केलेला बांबू घेऊन अर्ध्या किलोमीटरवरच्या पंपाकडे चालत निघालेले. कतारमधल्या दोहा ते दुखान या रस्त्यावर हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले की त्याचे नवल वाटेनासे झाले. पहिल्या वेळी मात्र मला राग आला होता. दुसऱ्या वेळी मी त्यांना लेखी कळवले.

आम्ही दोह्याच्या अल हिलाल वस्तीत एकाच व्हिलात राहत होतो, त्यामुळे पत्र दाराखालून सरकवणे सोपे होते. पत्रात मी तीन मुद्दे मांडले होते: महामार्गाच्या कडेला वाहन विनाकारण उभे करणे नियमबाह्य आहे; पंपाचे छत ट्रकसाठी बांधलेले असल्याने ते बांबूने मोजण्याचे प्रयोजन नाही; आणि पाहुणा म्हणून बरोबर नेलेल्या कुटुंबास चाळीस मिनिटे वाळूत उभे करणे शिष्टाचारास धरून नाही. दुसऱ्या दिवशी पत्र परत आले. सोबत वसईच्या सुकेळ्यांचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, एक पुडके होते आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते, "पत्र मिळाले. मुद्दे बरोबर आहेत. शुक्रवारी येता का?"

असा प्रतिवादी मला यापूर्वी मिळाला नव्हता. माझी वीस वर्षे बांधकाम कंपनीच्या कंत्राट विभागात गेली. व्हिलाच्या मालकाने एका घराची पाच घरे केली आणि गच्चीवर पाण्याची टाकी मात्र एकच ठेवली, याबद्दल मी त्यास लिहीत असे. नगरपालिकेस कचऱ्याच्या पिंपाबद्दल, शाळेस बसच्या वेळेबद्दल, वर्तमानपत्रास या सर्वांबद्दल लिहीत असे. लोक उत्तर टाळत किंवा उर्मट उत्तर देत. दोन्हींची मला सवय होती. मुद्दे मान्य करून वर खाऊ पाठवणाऱ्याचे काय करावे, याची तरतूद माझ्याजवळ नव्हती. शुक्रवारी मी गेलो.

ते एका हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या विभागात होते. कात्री कितीही स्वच्छ दिसली तरी ठरलेल्या पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय ती बाहेर जायची नाही, हा तिथला नियम त्यांनी कॅरव्हॅनलाही लावला होता. कॅरव्हॅनमधला फ्रीज गॅसवर चाले आणि त्याची बारीक ज्योत प्रवासातही जळत राही. पंपाच्या आवारात अशी ज्योत नेणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. म्हणून पंप दिसू लागला की ते आधीच थांबत, सिलिंडर बंद करीत, आणि बंद केल्याची खूण म्हणून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा स्वतःच्या कॉलरला लावीत. ज्योत पुन्हा पेटली की चिमटा पडद्यावर परत जाई. निदान जायला हवा. अनेकदा तो कॉलरलाच राही आणि ते तसेच कामावर जात. विभागातल्या नर्सेस ते पाहून गृहस्थ कालच समुद्रावर जाऊन आले, हे ओळखत.

जीपचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकलेला होता. टाकी भरली तरी अर्धी, संपली तरी अर्धी. तो दुरुस्त करावा असे मी सुचवले तेव्हा त्यांनी सांगितले की काटा चालू असता तर त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असता, आणि विश्वास ठेवणारे लोक वाळवंटात अडकतात. त्यामुळे वाटेत जो पंप येई तिथे ते टाकी भरून घेत. संपूर्ण देश एका टाकीत ओलांडता येतो अशा ठिकाणी हे गृहस्थ झिक्रीतच्या किनाऱ्यापर्यंत दोनदा आणि परतताना दोनदा पेट्रोल भरीत. मोठ्या जीपला मागे घर ओढताना तहान लागते हे खरे, पण तितकी नाही.

प्रत्येक पंपाचा नकाशा त्यांच्या वहीत होता. आत जायची बाजू, बाहेर पडायची बाजू, फुटपाथचा दगड कुठे पुढे आला आहे, कोणत्या पंपावर उभे राहिले असता कॅरव्हॅनची शेपूट कोणाच्या वाटेत येते, सर्व पावलांनी मोजून लिहिलेले. तरीही दर वेळी ते पायी जाऊन खात्री करून येत. मधल्या काळात कोणी नवा पिंप ठेवला असेल तर? त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत जाणारी. ती जीपच्या सीटवर अंग चोरून बसे आणि म्हणे, "पप्पा, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग." ते म्हणत, "बघू दे. बघितलं नाही तर धडकतील."

त्यांचे एक पालुपद होते: "मागे घर आहे." वळण घेताना म्हणत, ब्रेक लावताना म्हणत, आणि कॅरव्हॅन दारात उभी असताना नुसते बाजारात चालत निघाले तरी म्हणत. मला ते वकीलसाहेब म्हणत. मी वकील नव्हतो आणि तसे त्यांना दोनदा लेखी कळवलेही होते.

या सगळ्याच्या मुळाशी काय होते, ते मला एका शुक्रवारी सकाळी कळले.

दुखानच्या रस्त्यावरच्या त्यांच्या आवडत्या पंपावर लातूरकडचा एक गृहस्थ काम करीत असे. चाळिशीचा, सावळा, हसरा. चार नंबरच्या पंपावर तोच असे. शेजारी पायी गेले की तो आधी सुकेळे खाई, मग दोघे मिळून अंतर मोजत, आणि मग हा हात हलवून "येऊ द्या" म्हणून इशारा करी. पंपावरचे बाकीचे लोक या समारंभाची थट्टा करीत. तो करीत नसे. त्या शुक्रवारी शेजाऱ्यांनी अंतर मोजले, इशारा झाला, आम्ही आत गेलो, टाकी भरली, आणि एवढ्यात ऑफिसातून नवा सुपरवायझर धावत आला. आदल्याच दिवशी ऑफिसच्या भिंतीवर एक पाटी लागली होती. ट्रेलर जोडलेल्या वाहनांनी फक्त ट्रकच्या पंपावर जावे.

मी उतरून ट्रकचा पंप पाहिला. तिथे फक्त डिझेल होते. जीप पेट्रोलवर चालत होती. म्हणजे त्या पाटीच्या मते ट्रेलर ओढणारी पेट्रोलची गाडी अस्तित्वातच असू शकत नव्हती. अधिकारी नियम बनवतात आणि त्या नियमात बसणार नाही अशी वस्तू जगात आहे का, हे पाहण्याचे कष्ट घेत नाहीत, हा माझा जुना संताप त्या दिवशी त्या पाटीसमोर उभा राहून पूर्णत्वास गेला. मी सुपरवायझरला हे सर्व क्रमाने समजावले. त्याने ऐकून घेतले आणि शिक्षा म्हणून पुढची वाट साखळीने बंद केली. आला तसा मागे जा, असे तो हिंदीत म्हणाला. मागे तोपर्यंत सहा गाड्या उभ्या राहिल्या होत्या आणि सहाही भोंगे वाजवीत होत्या. त्यांना त्याने हाताच्या इशाऱ्याने बाजूला काढले.

वाट मोकळी झाली तरी शेजारी हलले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात, कॉलरला चिमटा. मी खिडकीशी गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, मला रिव्हर्स येत नाही."

मला प्रथम ते काय म्हणतात ते उमगेना. मग एकेक गोष्ट जागेवर बसली. पायी जाणे, नकाशे, बांबू, आत आणि बाहेर जायच्या दोन बाजू. आमच्या व्हिलाच्या आवाराला दोन फाटके होती आणि म्हणूनच त्यांनी तिथली खालची गळकी खोली घेतली होती. एक गोरा इंजिनिअर देश सोडून जाताना त्यांना ती कॅरव्हॅन देऊन गेला, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी तिला एक फूटही मागे नेले नव्हते. हात डावीकडे वळवला की मागचे घर उजवीकडे जाते, आणि हे आपले डोके मान्य करीत नाही, असे ते म्हणाले. मग जिथे मागे यावे लागणार नाही तिथेच जायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

लातूरकराने नोझल जागेवर अडकवले, हात पुसले, आणि म्हणाला, "काका, सरका. गावाकडं मी उसाची ट्रॉली चालवली हाय. दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला." शेजारी सरकले. त्याने एक हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला, खिडकीतून मान बाहेर काढली, आणि ती लांबलचक वरात दोन खांबांमधून अशी बाहेर नेली की भोंगे वाजवणारेही गप्प झाले.

त्या रात्री न झोपता मी चार पानी पत्र लिहिले, असे काही जण पुढे सांगत. ते खोटे आहे. मी ते शनिवारी ऑफिसात, पूर्ण शुद्धीत लिहिले. पंप चालवणाऱ्या कंपनीस मूळ प्रत. नगरपालिका, अग्निशमन खाते आणि वर्तमानपत्र यांना नकला. सात मुद्दे होते. सहावा मुद्दा माझ्या मते सर्वांत भक्कम होता: आपली व्यवस्था इतकी सदोष आहे की आपल्या पंप क्रमांक चारवरील कर्मचाऱ्यास, बिल्ला क्रमांक अमुक, हातातले काम सोडून ग्राहकाची गाडी स्वतः चालवून बाहेर काढावी लागली, सदर कर्मचारी प्रशंसेस पात्र आहे.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या पंपावर गेलो. या वेळी मीही शेजाऱ्यांबरोबर पायी गेलो, कारण पत्राचा परिणाम मला डोळ्यांनी पाहायचा होता. पाटी बदलली होती. खाली नवी ओळ होती: पेट्रोलच्या गाड्यांनी एक नंबरवर जावे. माझा ऊर भरून आला. लातूरकराने सुकेळे घेतले नाही.

कर्मचाऱ्याने ग्राहकाची गाडी चालवू नये, हा कंपनीचा नियम होता. नियम योग्यच होता. मी असतो तर मीही तो केला असता. त्याला खुलासा मागणारे पत्र आले होते. पुढच्या महिन्यात त्याचा करार संपत होता आणि खुलासा पटला नाही तर तो पुन्हा होणार नव्हता. म्हणजे परतीचे विमान. घरी मोठी मुलगी बारावीला होती आणि धाकटी तिच्यामागे दोन वर्षांनी.

"सायेब, तुमी चांगल्यासाठीच लिवलं असंल," तो म्हणाला. "पर माझा नंबर कशापायी घातला?"

साक्षीदाराशिवाय तक्रार टिकत नाही, असे मी म्हणालो.

"टिकली ना तक्रार. मीच टिकत न्हाई आता."

माझ्या पत्रांना आजवर जी उत्तरे आली त्यांत याच्याइतके मुद्देसूद उत्तर नव्हते.

कॅरव्हॅन त्या दिवशी समुद्रापर्यंत गेली, पण कोणी पाण्यात उतरले नाही. शेजाऱ्यांच्या पत्नीने चहा केला. आमची सौभाग्यवती माझ्याशी बोलत नव्हती. शेजाऱ्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले की आता पत्रच मागे घ्यावे लागेल. पत्र मागे घेता येत नाही, असे मी सांगितले. दाखल झालेला कागद दाखलच राहतो. मग दुसरे पत्र लिहा, ते म्हणाले, गाडी मालकाने स्वतः मागे घेतली असे लिहा.

"ते खोटे आहे," मी म्हणालो. "माझ्या सहीखाली आजवर एकही खोटे वाक्य गेलेले नाही."

हे बोलताना मला माझी लाज वाटली आणि तरीही मी ते बदलणार नव्हतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यांची पत्नी क्रोशावरून मान वर न करता म्हणाली, "भाऊ, त्या माणसाच्या दोन मुली आहेत." शेजाऱ्यांनी चहा संपवला, कप वाळूने घासला, आणि समोर ओहोटीने मोकळ्या झालेल्या सपाट किनाऱ्याकडे पाहिले. मग चिमटा कॉलरला लावला.

"मग खरं करू या," ते म्हणाले.

त्या महिन्यातला प्रत्येक शुक्रवार आम्ही त्या किनाऱ्यावर काढला. चार बादल्या मांडून पंप केला, दोन खुर्च्यांचे खांब केले. लातूरकराने एका शुक्रवारी सुटी मिळवून उसाच्या ट्रॉलीचे गुपित सांगितले: हात चाकाच्या तळाशी धरायचा, घर ज्या बाजूला न्यायचे त्याच बाजूला हात सरकवायचा, डोक्याला विचारायचेच नाही. पहिल्या शुक्रवारी त्यांनी तीन बादल्या आणि एक खुर्ची चिरडली. दुसऱ्या शुक्रवारी कॅरव्हॅन आणि जीप यांचा असा काटकोन झाला की सुटायला तासभर लागला. मुलगी बाजूला उभी राहून ओरडे, "लेफ्ट, पप्पा, नो, युअर अदर लेफ्ट," आणि तिला पहिल्यांदाच लोक पाहत आहेत की नाहीत याची फिकीर नव्हती. मी मागे उभा राहून हाताने इशारे करीत होतो आणि माझे सगळे इशारे चुकत होते, असे सर्वांचे एकमत होते. इतके हसून मी पूर्वी कधी घरी परतलो नव्हतो, हेही नोंदवायला हरकत नाही. साठीच्या जवळ आलेला हा मनुष्य माझ्या एका वाक्यासाठी इतके कष्ट घेत होता, आणि तरीही त्याने एकदाही म्हटले नाही की वकीलसाहेब, द्या तो सहीचा हट्ट सोडून.

खुलाशाच्या मुदतीला चार दिवस असताना आम्ही पंपावर गेलो. ते नेहमीप्रमाणे आधी पायी गेले, मोजून आले. नव्या पाटीप्रमाणे आम्हाला एक नंबरवर जायचे होते. आम्ही जाणीवपूर्वक चारवर गेलो. सुपरवायझर धावत आला, साखळी लावली, मागे जा म्हणाला. लातूरकर दोन पावले दूर, हात पाठीमागे बांधून उभा होता. या वेळी त्याने गाडीला हात लावायचा नव्हता.

शेजाऱ्यांनी तळहात चाकाच्या तळाशी ठेवला. "मागे घर आहे," असे ते म्हणाले, पण या वेळी ते कोणाला बजावत नव्हते. कॅरव्हॅन हलली. डाव्या खांबाजवळ ती रेंगाळली, थांबली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. कोणी भोंगा वाजवला नाही. दुसऱ्या प्रयत्नात ती दोन खांबांमधून, जराशी तिरकी पण एकही ओरखडा न पडता, बाहेर रस्त्यावर आली. त्यांच्या पत्नीने विणकाम मांडीवर ठेवून क्रॉसची खूण केली. मी वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातले सर्वांत छोटे पत्र लिहिले. पूर्वीच्या पत्रातील सहावा मुद्दा मी मागे घेत आहे. सदर कॅरव्हॅन पंप क्रमांक चारवरून तिच्या मालकाने स्वतः मागे घेतल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. खाली सही.

कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोघे गेलो. तिथला अधिकारी पांढऱ्या केसांचा, सावकाश बोलणारा सुदानी गृहस्थ होता. त्यांनी माझे चार पानी पत्र आणि हे अडीच ओळींचे पत्र शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वाचून झाल्यावर ते म्हणाले की यात तारीख नाही. मालकाने गाडी मागे घेतली ती कोणत्या दिवशी?

आयुष्यभर मी इतरांच्या पत्रांतून तारीख शोधत आलो. तारीख नसलेल्या कागदाला मी कागदच मानत नाही. त्या खोलीत मला तारीख माहीत होती, वेळही माहीत होती, आणि मी वही खिशातून काढली नाही.

"शुक्रवार होता," शेजारी म्हणाले.

सुदानी गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिले. शेजाऱ्यांच्या कॉलरला चिमटा होता. हे काय आहे, असे अधिकाऱ्यांनी विचारले. शेजाऱ्यांनी गॅसची ज्योत, सिलिंडर, थांबण्याचे अंतर, सर्व पायऱ्या सांगितल्या. अधिकाऱ्यांनी त्या लिहून घेतल्या. माझ्या चार पानांत त्यांना जो भरवसा सापडला नव्हता तो त्यांना तिथे सापडला असावा. फाइल मिटवून ते म्हणाले, "खलास," म्हणजे अरबीत विषय संपला. आणि आमच्यासाठी चहा मागवला.

लातूरकराचा करार पुन्हा झाला. पुढच्या वेळी त्याने दोन सुकेळी एकदम खाल्ली आणि विचारले, "काका, मागं घ्यायची का आज?" शेजारी म्हणाले की एकदा घेतली, पुरे. त्यानंतर त्यांनी कॅरव्हॅन कधीही मागे नेली नाही. पंप आला की बांबू घेऊन ते पायीच निघत, आणि मी त्यांच्याबरोबर चालत जाई. पत्रे मी अजूनही लिहितो, आणि रागानेच लिहितो. फक्त कोणाचा बिल्ला क्रमांक लिहिण्याआधी जाऊन त्या माणसाला विचारतो.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन वसईला गेले. कॅरव्हॅन त्यांनी लातूरकराच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला दिली, त्याला रिव्हर्स येते याची खात्री करून घेऊन. गेल्यावर मला त्यांचे एकच पत्र आले. त्यात मजकूर नव्हता. स्टेशनपासून त्यांच्या घरापर्यंतचा नकाशा होता, पावलांनी मोजलेला, चर्चजवळचा पुढे आलेला दगडसुद्धा दाखवलेला. खाली लिहिले होते, "गल्लीत गाडी वळत नाही. चौकात ठेवा आणि पायी या."

तो नकाशा मी फाइलीत त्या अडीच ओळींच्या पत्राच्या मागे लावला आहे. दोन्हींवर तारीख नाही.